ताट रिकामे परतू नये

नाताळ जवळ आला की वाशी-नेरूळच्या दुकानांत कागदी चांदण्या लटकू लागतात आणि ‘नातेवाइकांना काय द्यावे?’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांत उभा राहतो. वरवर तो ‘काय द्यावे’ असा दिसतो. आतून मात्र तो ‘कितीचे द्यावे’ असा असतो. माझे स्पष्ट मत असे की, जिच्यामागे हा दुसरा प्रश्न असतो ती भेट नव्हे, तो व्यवहार होय.

हा दोष एकट्या नाताळचा नाही. आपल्या लग्नघरांत आहेराची वही असतेच. कोणी काय दिले ते टिपायचे आणि त्यांच्याकडे कार्य निघाले की तितक्याच मोलाचे परत करायचे! मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने १९२५ च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडले: देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे, ही तिन्ही समाजाची बंधनेच आहेत. श्रीमंत मामाची महागडी भेट आली की गरीब भाच्याच्या घरात आनंदाबरोबर चिंताही शिरते, ती यामुळेच.

आता कुस्वारचे ताट पाहा. गोवा-मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांत नाताळचा घरगुती फराळ या नावाने ओळखला जातो. नेवऱ्या, दोदोल, आणि काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर वळून तळलेली कुलकुले! १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे हे शहर वसू लागले आणि गावोगावची माणसे येथे आली. आप्त गावी राहिले. जिन्यावरचे शेजारीच नातलग झाले. दिवाळीत करंजी वरच्या मजल्यावर जाते, नाताळात नेवरी खाली येते. दोघी सख्ख्या बहिणीच! आणि आलेले ताट रिकामे पाठवू नये, हा आपला जुना रिवाज. पण त्यासाठी मूठभर साखरही पुरते. परतफेड येथेही आहे. मात्र ती कोणाला कर्जात लोटत नाही.

कोणी म्हणेल, ही स्वस्ताई फसवी आहे. पैसा वाचतो, पण आईची रात्र खर्ची पडते. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. काजू, तूप, नारळ यांचा हिशेब आपण ठेवतो. तिच्या दुखणाऱ्या पाठीचा ठेवत नाही. एकटीने राबून केलेल्या फराळावर साऱ्या घराने नाव मिळवावे, हा न्याय नव्हे. पण यावर उपाय दुकानातला खोका नव्हे. कुलकुले वळायला मुळी सारे घरच बसावे लागते. मग मुलग्यांनी आणि वडिलांनी पाटावर का बसू नये?

तेव्हा मित्रहो, या नाताळात खिसा हलका असेल तर लाजू नका. हाताने केलेले शुभेच्छापत्र द्या, कुंडीत रुजवलेले रोप द्या, चार कुलकुले द्या. मात्र ती स्वतः वळलेली असू द्या. काही वाकडी होतील. मावशी हसेल, आणि ती कोणी वळली हे तिला न सांगताच कळेल.