जोडी नको, घोळका द्या

गेल्या वर्षीच्या ईदला माझ्या मुलीला मिळालेली सगळी ईदी, नऊशे रुपये, एका संध्याकाळी माशांच्या दुकानात गेली. फिश टँक घरात आधीच होता. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याची दोन फुटी टाकी आमच्याकडे ठेवून गेला होता. मुलीने बोट दाखवायचं आणि दुकानदाराने जाळीत पकडून पिशवीत सोडायचं, असा कार्यक्रम अर्धा तास चालला. दोन निऑन, दोन टायगर बार्ब, दोन एंजल, दोन गप्पी, दोन गोल्डफिश आणि 'काच साफ करायला' एक सकर. एकूण अकरा जीव. पैसे देताना मी विचारलं, "हे सगळे एकत्र राहतील ना?" तो म्हणाला, "राहतात की सर. आमच्याकडे राहतातच ना!"

बकरी ईद आली तेव्हा टाकीत तीन मासे उरले होते. एक एंजल, एक टायगर बार्ब आणि तो सकर. निऑन आठवड्याभरात गेले. गप्प्यांच्या शेपट्या कुरतडल्या गेल्या, मग ते गेले. गोल्डफिश सोलापूरच्या मे महिन्यात वर येऊन तोंड उघडझाप करत राहिले आणि एका पहाटे उलटे तरंगत होते. मुलीने प्रत्येकाला कुंडीत पुरलं. शेवटच्या वेळी तिने मला विचारलं, "अब्बू, माझं काय चुकलं?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय. तिचं काही चुकलं नव्हतं. दाणे ती मोजून टाकत होती, आठवड्याला पाणी बदलत होती. चूक दुकानातल्या त्या अर्ध्या तासात झाली होती आणि ती माझी होती. मी सोपा प्रश्न विचारला आणि सोपं उत्तर घेऊन घरी आलो. दुकानाच्या टाकीत मासा चार-आठ दिवस राहतो, घरात त्याला वर्षं काढायची असतात, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

माझा पहिला आक्षेप 'जोडी' या शब्दावर आहे. आपल्याकडे मासे जोडीच्या भावाने विकले जातात. काचेवर चिठ्ठी असते, 'निऑन, जोडी अमुक रुपये'. गिऱ्हाईकालाही जोडी आवडते. एकटा नको, बिचाऱ्याला सोबत हवी, म्हणून दोन. भावना चांगली आहे, पण ती माणसाची आहे. निऑन टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. तिथे तो मोठ्या घोळक्यात फिरतो. घोळका हेच त्याचं घर, तीच त्याची लपायची जागा. दोनच निऑन टाकीत सोडले तर ते एकमेकांचे सोबती होत नाहीत, दोघेही घाबरलेले राहतात. रंग फिका पडतो, खाणं कमी होतं, कोपरा धरून बसतात.

टायगर बार्बची गोष्ट उलटी. सुमात्रा-बोर्निओकडचा हा पट्टेरी मासा भांडखोर म्हणून बदनाम आहे. आठ-दहाजण असले की ते दिवसभर आपापसात पाठलाग करतात, कोण वरचढ ते ठरवतात आणि त्यातच गुंतून राहतात. दोनच असले की हीच ऊर्जा शेजाऱ्यांच्या शेपटीवर निघते. गप्पीची लांब, झुळझुळती शेपटी समोरून गेली की त्याला राहवत नाही. दुकानदार त्याला खोडकर म्हणतो. मला तो खोडकर वाटत नाही, सवंगडी नसलेला वाटतो. अर्थात दहा टायगर बार्ब आणले तरी त्यांच्यात गप्पी, एंजल किंवा फायटर सोडायचं धाडस मी करणार नाही.

एंजलवर मी चिडलो होतो, कारण दुसरा निऑन त्यानेच खाल्ला असा मुलीचा दावा होता. तो खोटा असावा. आमचे एंजल तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते, ते निऑनला गिळू शकले नसते. पण सहा-आठ महिन्यांनी नक्की गिळलं असतं. एंजल वाढून तळहाताएवढा होतो, निऑन दीड इंचाच्या वर जात नाही, आणि दोघेही एकाच खंडातल्या नद्यांमधले. तिथेही एंजलच्या तोंडात मावेल असा छोटा मासा म्हणजे एंजलचं जेवण. यात दुष्टपणा काही नाही. मासा निवडताना दुकानात तो केवढा आहे हे बघायचंच नाही. पूर्ण वाढल्यावर त्याचं तोंड केवढं होईल आणि त्या तोंडात टाकीतलं कोण मावेल, एवढं बघायचं. मांसाहारी-शाकाहारी ही विभागणी इथे फारशी उपयोगाची नाही.

आता पाण्याबद्दल. लोक स्वभावाची चौकशी करतात, पाण्याची करत नाहीत. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, बाकी सगळी भिस्त बोअरवर. बोअरचं पाणी जड. नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो, हीटरची कॉइल वर्षात खडूसारखी होते. अशा क्षाराच्या पाण्यात निऑन सोडणं म्हणजे कोकणातलं भाताचं रोप आमच्या माळावर लावण्यासारखं आहे. निऑन ज्या ओढ्यांतून येतो तिथलं पाणी हलकं, किंचित आंबट, पालापाचोळ्याने चहासारखं झालेलं असतं. मुंबईत राहणारी माझी आपा मला फोनवर टोमणे मारते की तिच्याकडे निऑन तीन वर्षं टिकले. तिच्या नळाला तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी येतं, पावसाने भरलेल्या तलावांचं, हलकं. क्लोरीन तेवढा काढला की झालं. यात तिचं कौतुक कमी आणि तलावांचं जास्त आहे, पण आपाला हे कोण सांगणार!

उलट गप्पी, प्लॅटी, मोली हे पिल्लं घालणारे मासे जड पाण्यात खूश असतात. म्हणजे आमच्या अकरा जणांत सोलापूरच्या बोअरला साजेसे फक्त गप्पी होते आणि नेमके त्यांनाच टायगर बार्बने संपवलं. गप्पी घेणाऱ्यांसाठी एक सूचना, जोडीच्याच संदर्भात. एक नर, एक मादी घेतली तर नर मादीला दिवसभर श्वास घेऊ देत नाही. एकाला दोन-तीन माद्या हव्यात. मग दर महिन्याला पिल्लं. नर काढून टाकला तरी मादी त्याचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते आणि पिल्लं देत राहते. हा संसार सांभाळायचा नसेल तर सरळ नुसते नर घ्यावेत. रंगही त्यांनाच जास्त असतो.

'पाणी चोवीस तास भरून ठेवा, मग मासे सोडा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने क्लोरीन उडतो, एवढंच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी त्रासाचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत एकदम अकरा मासे सोडले तर ते आपल्याच मुतात गुदमरतात, मग ते एकमेकांचे कितीही जिवलग असोत. आणि पाणी क्षाराचं असेल, वरून उन्हाळा असेल, तर हाच अमोनिया अधिक विषारी होतो. आमच्याकडे दोन्ही होतं.

गोल्डफिशबद्दल थोडक्यात. तो थंड पाण्याचा, भरपूर घाण करणारा, सहा-आठ इंच सहज वाढणारा मासा आहे. काचेच्या गोल भांड्यात तर तो ठेवूच नये. छोट्या माशांच्या टाकीतही त्याला जागा नाही.

'एका इंचाच्या माशाला एक गॅलन पाणी' हा हिशोब सांगणारेही भेटले. दहा इंचाचा एक मासा आणि एक इंचाचे दहा मासे हा हिशोब सारखेच धरतो. पण लांबी दहापट झाली की जाडी आणि उंचीही वाढते, वजन जवळजवळ हजारपट होतं. सकर घेताना मला हे कुणी सांगायला हवं होतं. दुकानात तो दोन इंचाचा होता. वाढला तर फूटभराचा होतो, आणि पन्नास लिटरच्या टाकीत काच साफ करण्यापेक्षा जास्त घाण तोच करतो.

माझा एक मित्र म्हणाला, "अरे, वीस रुपयांचा मासा तो. एवढा अभ्यास?" मला वाटतं, गोची इथेच आहे. वीस रुपये ही किंमत माशाची आहे, त्याच्या हालांची नाही. चांदीसारखा पारदर्शक ग्लासफिश हा आपल्याच नद्यांतला मासा. त्याच्या अंगात सुईने रंग टोचून गुलाबी-हिरवे मासे विकले जातात, आणि रंग आवडतो म्हणून आपण ते घेतो. मासा ओरडत नाही ही आपली मोठी सोय आहे.

दुकानदाराचीही बाजू आहे. मेलेल्या माशांवर त्याचं पोट चालतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. कंटाळून टाकी माळ्यावर टाकणारं गिऱ्हाईक त्याच्याही फायद्याचं नसतं. पण लोकांना टाकीत सात रंग हवे असतात. 'एकाच जातीचे दहा घ्या' असं तो म्हणाला, तर लोक शेजारच्या दुकानात जातील. तेव्हा सुरुवात गिऱ्हाईकानेच करायला हवी.

आम्ही ती हिवाळ्यात केली. एंजल चार फुटी टाकी असलेल्या एका ओळखीच्यांना दिला, टायगर बार्ब दुकानदाराने परत घेतला. सकरचं काय करायचं यावर शेजाऱ्यांचा सल्ला आला, "हिप्परग्याच्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल." हे मात्र कुणीही करू नये. उजनीतली चिलापी आपण आवडीने खातो, पण ती मूळची आफ्रिकेची. बाहेरून आली आणि धरणावर पसरली. सकर तर कुणी आवडीने खातही नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत आणि आंध्रच्या तलावांत त्याने मच्छीमारांना जेरीस आणलंय, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. २०१८ च्या पुरानंतर केरळात मच्छीमारांच्या जाळ्यात अॅमेझॉनचा अवाढव्य अरापायमा सापडला, तोही कुणीतरी पाळलेलाच. आमचा सकर अजून आमच्याकडेच आहे, सात इंचाचा, भाड्याच्या खोलीत न मावणाऱ्या कपाटासारखा. मोठी टाकी असलेला कुणी सोलापूरकर हे वाचत असेल तर त्याने जरूर कळवावं.

मधल्या काळात दुकानदाराने 'मिस केरळा' दाखवली. लाल-काळ्या पट्ट्याचा, फार देखणा मासा. फ्रान्सिस डे या अभ्यासकाने १८६५ साली त्याची नोंद केली आणि मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या वाहत्या, गार ओढ्यांतला हा मासा चार-पाच इंच वाढतो, त्यालाही घोळका लागतो, आणि छंदासाठी इतका पकडला गेला की आज तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. मुलगी बराच वेळ त्या काचेला नाक लावून उभी होती. मी नाही म्हटलं.

या ईदला तिने पुन्हा ईदी मोजली आणि दुकानात म्हणाली, "दहा झेब्रा द्या." दुकानदार म्हणाला, "पाच जोड्या?" ती म्हणाली, "जोड्या नाही, दहा." त्याने अकरा दिले. झेब्रा दानिओ, दीड इंचाचा, निळ्या रेघांचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त मासा. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. भातखाचरांत, उथळ संथ ओढ्यांत राहणारा. जड पाणी सोसतो, ऊन सोसतो. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर काम करतात आणि आपण त्याला 'साधा' म्हणून बाजूला सारतो. अकरा झेब्रे एका रेषेत वळतात, तेव्हा पाहुणे टाकीजवळून हलत नाहीत. फक्त झाकण हवं, हा मासा उड्या मारतो. आणि लांब पंखांचे सोबती नकोत.

वरच्या थरात एक मधगुरामी सोडायचा आमचा विचार आहे. तोही उत्तर हिंदुस्थान-बांगलादेशाकडचा, वर येऊन हवेतून श्वास घेणारा, त्यामुळे वीज गेली आणि मोटर थांबली तरी तग धरणारा. पण झेब्र्यांची पळापळ त्या शांत माशाला झेपेल का, याबद्दल मला शंका आहे. झेपेलसं दिसलं नाही तर टाकी एकाच जातीची राहील.

मुलगी मात्र निऑन विसरलेली नाही. परवा तिने विचारलं, "पावसाचं पाणी हलकं असतं ना? मग पावसाळ्यात साठवलं तर?" मी म्हटलं, पहिला पाऊस सोडून द्यावा लागेल, त्यात छताची घाण असते. आणि दर आठवड्याला बदलण्याइतकं पाणी वर्षभर पुरवायचं तर पिंपं लागतील. दुसरी टाकी लागेल, ती महिनाभर रिकामी चालवावी लागेल. तिने हे सगळं वहीत लिहून घेतलं. दोन बादल्या आत्ताच पन्हाळीखाली नेऊन ठेवल्यात. पाऊस अजून आलेला नाही.