काळी माती आणि चार चाकांची ओढ

चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी गाडी एके काळी लष्कराची, वनखात्याची किंवा फार तर एखाद्या बड्या बागाईतदाराची असे. विलीज जीपनंतर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, तरी सामान्य कुटुंबाने अशी गाडी घ्यावी असे कोणाच्या मनात येत नव्हते. २०२० मध्ये महिंद्रची नवी थार आली आणि चित्र बदलले. आता शनिवार-रविवारी अशा गाड्या मुलाबाळांसह पुण्याबाहेर पडतात, त्या जाहिरातीतला चिखल शोधत. खरा चिखल मात्र जाहिरातीसारखा वागत नाही.

शिरूर तालुक्यातले इनामगाव घ्या. घोड नदीच्या काठचे हे गाव डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ च्या उत्खननामुळे जगाला ठाऊक झाले. तीन हजार वर्षांपूर्वी इथे माणसे शेती करून राहिली. आज या टापूत ऊस उभा आहे आणि तो पोसणारी काळी माती हीच वाहनचालकाची परीक्षा पाहते. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि टायरला चिकटते. नक्षीच्या खाचा भरल्या की नवाकोरा टायरही गोट्यासारखा गुळगुळीत होतो. असे चारही टायर झाले, तर चारही चाके जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक.

माझ्या मते घोटाळा इथेच होतो. चार चाकांची ओढ गाडीला पुढे नेते. थांबवण्याच्या कामी तिचा फारसा उपयोग नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. उलट, ही गाडी निसरड्यावर सहज वेग घेते, म्हणून चालकाला रस्ता चांगला वाटतो आणि वळणावर खरे काय ते कळते. सुट्या खडीवर तर एबीएस असूनही थांबायला अंतर जास्त लागू शकते. म्हणून चिखलात शिरण्याआधीच लो रेंज टाकावी, दुसऱ्या गिअरमध्ये एका संथ लयीत जावे, मध्येच गिअर बदलू नये. उतारावर इंजिनालाच गाडी धरू द्यावी. पुढची चाके घसरू लागली, तर पाय हळूच उचलावा आणि पकड येईपर्यंत स्टेअरिंग थोडे सरळ करावे. आणखी वळवून उपयोग नसतो. आणि डांबरी रस्ता लागला की जुन्या पद्धतीच्या गाडीत दोन चाकांवर यावे. कोरड्या वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, त्याचा ताण यंत्रणेवर येतो.

ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर मात्र कौशल्याचा प्रश्नच उरत नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटार ढकलू शकते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. गाडीत मुले असताना ‘बघू या जमते का’ म्हणणाऱ्या बापाला मी शूर म्हणणार नाही.

धोका गाडीतल्यांनाच असतो असेही नाही. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती डांबरावर येते. तिच्यावर पावसाची एक सर पडली की साबण लावल्यासारखा थर होतो. समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये पोर असे येत असतात. अरुंद रस्त्यावर दोन टनांची गाडी पाहून बाजूपट्टीवर त्यांनीच उतरायचे, घसरायचेही त्यांनीच.

शेतकरी पावसानंतर वापशाची वाट पाहतो. ओल्या रानात तो औत घालत नाही. पाणंदीत गाडी घालणाऱ्यानेही तेवढा धीर धरायला हरकत नाही. पाणंदींसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. पण मुरूम पडून दोन्ही बाजूंना चर निघेपर्यंत पाणंद म्हणजे मातीच. तीत हौशी गाडीने पाडलेल्या चाकोऱ्या ऊन पडले की तशाच वाळतात, दगडासारख्या कडक होतात आणि पहाटे दूध घालायला निघालेल्याला मागे किटल्या बांधून पुढचे कित्येक दिवस त्यांतूनच मोटारसायकल काढावी लागते.