पाय अचानक लुळे पडतात तेव्हा

गेल्या हिवाळ्यात पॅरामॅटा येथे आमच्या परिचयाच्या एका घरी पहाटे जो प्रसंग घडला, तो ज्ञातिबांधवांच्या कानी घालावा असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते. घरातील तिशीचा मुलगा दिवसभर गोदामात ओझी उचलून, रात्री एका आप्ताकडील मलिद्यास जाऊन, पोटभर जेवून आला व झोपला. पहाटे चारच्या सुमारास पाणी पिण्यास उठू लागला, तो पाय हलेनात. शुद्ध पूर्ण होती, बोलणे स्वच्छ होते, पायांना स्पर्शही कळत होता. मांड्यांत मात्र बळ म्हणून राहिले नव्हते. आईने साखरपाणी पाजले, काकांनी तेल चोळले, आजीने दृष्ट काढण्यासाठी मीठमिरच्या मागविल्या. रुग्णवाहिका बोलाविण्यास पाऊण तास लागला. ती कोणास सुचली नाही असे नव्हे. बिल किती येईल याची चर्चा चालली होती.

रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा त्यातील पोटॅशियम फारच खाली गेलेले आढळले. पुढील तपासणीत गळ्यातील थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत असल्याचे उघड झाले. या विकारास थायरोटॉक्सिक पिरिऑडिक पॅरॅलिसिस असे लांबलचक नाव आहे. घरच्यांनी त्यास अर्धांगवायू म्हटले होते. पण अर्धांगवायूत बहुधा शरीराची एक बाजू जाते. येथे दोन्ही पाय एकदम लुळे पडतात, कधी हातही, आणि काही तासांनी, क्वचित दिवसा-दोन दिवसांनी, शक्ती परत येते.

हे कसे होते, ते आम्ही आमच्या व्यवसायातील दृष्टांताने सांगतो. शाळेच्या पटांगणातील मुले अचानक वर्गांत शिरली, तर पटांगण रिकामे दिसेल. परंतु शाळेतून एकही मूल गेलेले नसते. या विकारात पोटॅशियमचे तसेच होते. ते शरीराबाहेर जात नाही, रक्तातून स्नायूंच्या पेशींत शिरून बसते. थायरॉईडचा अतिरेक पेशींच्या भिंतींतील पंप जोराने चालवितो, आणि भात, पोळी, गोडधोड भरपेट खाल्ल्यावर वाढणारे इन्सुलिन त्यास आणखी रेटा देते. म्हणूनच झटका बहुधा मेजवानीनंतर, किंवा श्रमानंतर विश्रांती घेताना, रात्री अथवा पहाटे येतो. ज्या साखरपाण्याने बळ येईल असे त्या माउलीस वाटले, ते या प्रसंगी अपाय करणारे होते. ग्लुकोजच्या सलाईनचेही तसेच. गावाकडे 'एक सलाईन लावा, तरतरी येईल' असा आग्रह धरण्याची आपली सवय येथे सोडलेली बरी.

केळी वा नारळपाणी देऊन घरीच पोटॅशियम भरून काढावे, हाही विचार कोणी करू नये. घंटा झाली की वर्गांतली मुले पुन्हा पटांगणात येतात. मधल्या वेळी बाहेरून आणखी मुले आणून ठेवली असतील, तर चेंगराचेंगरी ठरलेलीच. रक्तात पोटॅशियम फार झाले तरी हृदयास धोका, फार कमी झाले तरी धोका. यास्तव डॉक्टर हृदयाचा आलेख पाहत, बेताबेताने ते देतात.

आता आमच्या मूळ तक्रारीकडे वळतो. या मुलास त्याआधीच्या वर्षात असे दोन सौम्य झटके येऊन गेले होते. दुपारपर्यंत पाय पूर्ववत झाले, मग तो एका दवाखान्यात गेला, आणि तेथे त्यास कामाचा शीण व मनाचा ताण असे सांगण्यात आले. झटका ओसरल्यावर रक्तातील पोटॅशियम पुन्हा नेहमीसारखे होते, हे ध्यानात घेता तेथील डॉक्टरांस आम्ही एकट्यास दोष देत नाही. परंतु वजन घटत होते, हात कापत होते, ऐन थंडीत घाम येत होता, छातीत धडधडत होते, यांपैकी एकही गोष्ट त्याने तेथे सांगितली नाही. का? थायरॉईड हा बायकांचा आजार, आणि मुलाचे लग्न व्हायचे आहे!

थायरॉईडचे आजार स्त्रियांत अधिक, हे खरे. हा झटका मात्र मुख्यत्वे पुरुषांचा, आणि तोही आशियाई पुरुषांचा. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, थायरॉईडचा अतिरेक असलेल्या चिनी पुरुषांपैकी सुमारे १३ टक्क्यांस हा विकार आढळला. स्त्रियांत हजारी दोघींसही नाही. भारतीय पुरुषांतही तो आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो इतका विरळा आहे की येथील एखाद्या डॉक्टरांस तो पटकन आठवला नाही तर नवल नव्हे. तेव्हा आपण कोठून आलो, काय खाल्ले, पूर्वी असे कधी झाले, थायरॉईडचा त्रास घरात कोणास आहे, हे न विचारता सांगणे आपल्याकडे लागते.

आणि ते घरातील अकरा वर्षांच्या मुलीकडून सांगवू नये. रुग्णालयांत विनामूल्य दुभाषी मिळतो. १३१ ४५० या क्रमांकावर दूरध्वनीनेही मिळतो. मराठी मागावा, न जमल्यास हिंदी. थोरल्या भावाचे पाय का चालत नाहीत याचा अर्थ लावण्याचे ओझे आम्ही शाळकरी मुलांच्या तोंडावर पाहिले आहे, आणि ते दुसऱ्या दिवशी वर्गातही उतरलेले नसते.

रुग्णवाहिकेच्या खर्चाची भीती खोटी नाही. न्यू साउथ वेल्समध्ये मेडिकेअर तो देत नाही. पेन्शनधारक व सवलतपत्र असणाऱ्यांस तो माफ असतो. इतरांनी खासगी विम्यात रुग्णवाहिकेची सोय आहे की नाही, हे आजच दिवसाउजेडी पाहून ठेवावे. पहाटे चार वाजता हिशेब मांडू नये. तेव्हा शून्य शून्य शून्य फिरवावे, आणि पाय दुबळे झाले असतानाच रक्त तपासले जाईल असे पाहावे.

या विकाराने मनुष्य जन्माचा पांगळा होतो, असे समजून त्या घरात रडारड झाली, तीही व्यर्थ होती. ग्रंथी ताळ्यावर आली की झटके थांबतात. त्यासाठी कार्बिमाझोलसारख्या गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन वा शस्त्रक्रिया, यांपैकी योग्य तो उपाय डॉक्टर ठरवितात. तोवर प्रोप्रॅनोलॉल झटके रोखण्यास साहाय्य करते. दरम्यान भरपेट गोडधोड, मद्य व अतिश्रम टाळावे लागतात. या मुलाने आयोडीनचा उपचार घेतला. आता त्याची ग्रंथी मंद झाल्याने तो रोज सकाळी थायरॉक्सिनची एक गोळी घेतो, आणि कामावर जातो. मलिदाही खातो.

हे सर्व लिहिण्यास त्याने स्वतः आम्हांस सांगितले. त्याच्या आईने मात्र आडनाव, गल्ली व मुलाचा हुद्दा यांचा उल्लेख होऊ नये या अटीवरच होकार दिला. ती अट आम्ही पाळली आहे.