घरच्या स्लाइमला आयएसआय कुठला?

कारखान्यात बनलेले खेळणे विसरवाडीच्या दुकानात विकायचे तर १ जानेवारी २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह लागते. त्याच गावात मोबाइलवर पाहून घरी घोटलेल्या स्लाइमला मात्र कोणताच नियम लागू नाही.

पांढऱ्या गोंदात रेणूंच्या लांब साखळ्या सुट्या असतात. टाकणखाराचे पाणी पडले की त्यातील बोरेट त्यांना जागोजागी जोडते आणि लगदा रबरासारखा ताणला जातो. चमचाभर, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम टाकणखारात अंदाजे ४५० मिलिग्रॅम बोरॉन असते. अर्धा किलो स्लाइममध्ये ते मिसळले, तर किलोमागे ९०० मिलिग्रॅम झाले. युरोपीय संघाच्या नियमानुसार चिकट खेळण्यातून किलोमागे ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बोरॉन बाहेर पडता कामा नये. घरच्या गोळ्यातले सगळेच बाहेर येत नाही हे खरे. पण किती येते, हे स्वयंपाकघरात मोजणार कोण? बोरॉन प्रमाणाबाहेर शरीरात गेले तर प्रजननसंस्थेला अपाय होऊ शकतो. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच घरगुती स्लाइममध्ये बोरिक अॅसिड वापरू नका, असे पालकांना सांगितले. आपल्याकडे कॅरमबोर्डावर भुरभुरली जाते ती बोरिक पावडर हीच.

त्यापेक्षा इसबगोल बरा. चमचाभर भुसी पेलाभर पाण्यात मोठ्यांनी मंद आचेवर घोटावी, पूर्ण गार झाल्यावरच मुलांच्या हाती द्यावी. कोरडी भुसी घशात फुगते, म्हणून डबा वर ठेवावा. हा गोळा दोन दिवसांत आंबतो, मग टाकून द्यावा.