साथीदारालाही नाव असते

यंदाच्या स्नेहसंमेलनात भावगीतांचा कार्यक्रम झाला. निवेदकाने गाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वर्ग, इतकेच काय, आवडता रागही सांगितला. पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ‘आणि त्यांचे साथीदार’ एवढे तीनच शब्द आले. टाळ्या पडल्या, सारे पांगले. पण ते तीन शब्द माझ्या मनातून जाईनात.

त्याच सुमारास वसतिगृहातील एका मित्राने मला मोबाईलवर अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीत ऐकवले. कंट्री म्हणजे तिकडच्या गावाकडचे, कष्टकऱ्यांचे गाणे. गायक होता मर्ल हॅगार्ड. शब्द अर्धेमुर्धेच कळले. पण कडवे संपताच व्हायोलिन बोलू लागले, ते मात्र पुरते कळले. या संगीतात व्हायोलिनला ‘फिडल’ म्हणतात. तो संच १९७० सालचा होता आणि त्यावर फिडल वाजवणाऱ्यांत एक नाव होते जॉनी गिंबल.

गिंबलचा जन्म १९२६ सालचा, टेक्सासचा. १९४९ मध्ये तो बॉब विल्स याच्या ‘टेक्सास प्लेबॉईज’ या वाद्यवृंदात आला. मधल्या काळात त्याने न्हाव्याचे कामही केले. पुढे नॅशव्हिल शहरात तो ‘सेशन’ वादक झाला, म्हणजे ज्या गायकाचे ध्वनिमुद्रण असेल त्याच्यासाठी वाजवणारा. ही बैठक साधारण तीन तासांची; तेवढ्यात तीन-चार गाणी उरकायची. पुढ्यात बहुधा कॉर्डना आकडे देऊन लिहिलेला एक कागद. गायक शब्द म्हणत असताना मागे राहायचे, त्याने श्वास घेतला की तेवढी जागा भरायची आणि पुन्हा मागे सरायचे. मोबदला बैठकीच्या हिशेबाने. रेकॉर्ड कितीही खपली तरी गायकासारखी रॉयल्टी नाही. त्या काळातल्या कितीतरी रेकॉर्डांच्या वेष्टनावर या मंडळींची नावेसुद्धा नसत.

कोणी म्हणेल, पैसे मिळाले ना? मग नाव कशाला हवे? याचे उत्तर हॅगार्डनेच देऊन ठेवले आहे. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने तो १९७० चा संच काढला, तो कोणा गायकाच्या नव्हे, तर फिडलवादक बॉब विल्सच्या गौरवासाठी. त्यासाठी विल्सचे जुने साथीदार बोलावले. त्यांत गिंबल होता. हॅगार्ड स्वतः फिडल वाजवायला शिकला. आणि विल्सची रीत काय होती? गाणे चालू असतानाच, ज्याची वाजवण्याची पाळी येईल त्याचे नाव तो मोठ्याने पुकारी. गिटारवादक लिऑन मॅकॉलिफ याचे नाव अशा हाकेनेच घराघरांत पोहोचले. साथीदाराचे नाव घेतल्याने ना विल्स लहान झाला, ना हॅगार्ड.

गिंबलला पुढे ‘कंट्री म्युझिक असोसिएशन’चा सर्वोत्कृष्ट वादकाचा पुरस्कार पाच वेळा मिळाला. २०१५ साली तो वारला. २०१८ मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचे नाव आले, पण ते पाहायला तो नव्हता.

हे मी का लिहितो आहे? माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. सुपारी मालकाच्या नावाने ठरते. वरात बेभान नाचते. क्लॅरोनेट कोण फुंकतो आहे, हे कोणी विचारत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मजुरी’ असे लिहिले. वर्गातल्या मुलांना कळले तर काय म्हणतील, ही भीती होती. म्हणजे निवेदकाने परक्यांचे नाव गाळले. मी तर बापाचे गाळले! मग दोष एकट्या निवेदकाला कसा द्यावा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच. पुढील स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावे गायकांच्या बरोबरीने, त्याच अक्षरांत छापावीत. खर्च दोन ओळींच्या शाईचा आहे. आणि तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी लिहिणार आहे : क्लॅरोनेटवादक.