पाटीवरची पलटण

2011 साली टेक्सासच्या मोटार वाहन मंडळापुढे एकाच दिवशी दोन नंबर प्लेट मंजुरीला आल्या. अमेरिकेतल्या राज्यांत अशा विशेष पाट्यांची सोय आहे. वाहनधारकाने जादा शुल्क भरायचे, आवडत्या विद्यापीठाचे, संस्थेचे किंवा सैन्यदलाचे चिन्ह असलेली सरकारी पाटी गाडीला लावायची. त्या शुल्कातला वाटा बहुधा पुरस्कर्त्या संस्थेकडे जातो. त्या दिवशीची एक पाटी ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय पलटणींच्या गौरवाची होती. दुसरी मागितली होती यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्यांच्या वंशजांच्या संघटनेने, आणि तिच्यावर दक्षिणी संघराज्याचा झेंडा होता. पलटणींची पाटी पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाली. झेंड्याची पाटी एकमताने फेटाळली गेली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जून 2015 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: पाटीवरचा मजकूर हे सरकारचेच बोलणे, तेव्हा काय बोलायचे ते सरकार ठरवील. न्यायमूर्ती अलिटो यांनी भिन्नमतपत्रात नेमके पलटणींच्या पाटीवर बोट ठेवले. काळ्या लोकांना त्या झेंड्याबद्दल जे वाटते, तेच आम्हाला या पलटणींबद्दल वाटते, असे एका आदिवासी नेत्याने सांगितले होते. मग एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार कशासाठी?

हा पूर्वपक्ष झटकून टाकण्यासारखा नाही. तरीही पलटणींची पाटी योग्यच होती असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी सरकारच्या मर्जीचा आधार मला पुरेसा वाटत नाही. मर्जी उद्या फिरू शकते.

आधी झेंड्याचे पाहू. तो ‘वारशाचा’ आहे म्हणतात. कसला वारसा, ते टेक्सासनेच लिहून ठेवले आहे. फेब्रुवारी 1861 च्या फुटून निघण्याच्या जाहीरनाम्यात काळ्यांची गुलामी कायम राहावी, हे कारण आडपडदा न ठेवता मांडलेले आहे. झेंडा एका उद्दिष्टाचा असतो. ते वजा केले तर मागे कापड उरते. पलटणीचे तसे नसते. पलटण म्हणजे माणसे, आणि ती ज्या मोहिमांवर धाडली गेली त्यांच्या पलीकडेही त्यांचा हिशेब असतो.

पण हा फरक सांगून आदिवासींचा आक्षेप निकालात निघत नाही. 1866 च्या कायद्याने या पलटणी उभ्या राहिल्या. 1869 नंतर त्या चार राहिल्या: घोडदळाची नववी आणि दहावी, पायदळाची चोविसावी आणि पंचविसावी. अधिकारी बहुतेक गोरे. त्यांची पहिली मोठी कामगिरी आदिवासींविरुद्धच होती. 1880 च्या उन्हाळ्यात पश्चिम टेक्सासच्या वाळवंटात दहाव्या घोडदळाने अपाची सरदार व्हिक्टोरियोचा पाठलाग करण्याऐवजी त्याच्या आधी पाणवठे गाठले. रॅटलस्नेक स्प्रिंग्जला त्याची तहानलेली माणसे पाण्याकडे आली, तेव्हा कड्यांआडून गोळ्या सुटल्या. व्हिक्टोरियो मेक्सिकोत परतला आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या फौजेने त्याला मारले. ज्यांच्या पूर्वजांचे पाणी असे तोडले गेले, त्यांनी त्या पाटीकडे कौतुकाने पाहावे, अशी अपेक्षा करणेच चूक. ‘ते हुकमाचे ताबेदार होते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. शिपायाच्या हातून झालेले शिपायाच्या नावावर लागतेच.

मात्र त्याच नावावर आणखीही बरेच लागते. गोरे घुसखोर आदिवासी मुलखात जमिनी बळकावायला शिरले, तेव्हा 1880 च्या दशकात त्यांना हुसकावून लावणारी तुकडी नवव्या घोडदळाचीच होती. 1903 मध्ये सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात जो रस्ता विशाल वृक्षांपर्यंत पोचला, तो कॅप्टन चार्ल्स यंग यांच्या हाताखालच्या याच शिपायांच्या श्रमाचा.

मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले ते कंपनीचा जयजयकार करायला नव्हे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांचे शौर्य दगडावर नोंदलेले आहे, हे दाखवायला. त्याआधीच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती, हेही विसरू नये. तुलना इथपर्यंतच चालते. अपाची म्हणजे पेशवाई नव्हे. तेही नागवले गेलेलेच होते. म्हणून टेक्सासचा प्रश्न अधिक अवघड आहे.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत कच्चा वाटतो: गाडीला ठोकलेल्या पत्र्याने कसला सन्मान होतो? याचे उत्तर टेक्सासच्याच इतिहासात आहे. वेस्ट पॉइंटमधून 1877 मध्ये पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी हेन्री फ्लिपर दहाव्या घोडदळात आला. फोर्ट डेव्हिसला त्याच्यावर अफरातफरीचा खटला भरला. तो आरोप टिकला नाही, तरी ‘अशोभनीय वर्तना’खाली 1882 मध्ये त्याला काढून टाकले. 1906 मध्ये ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला. शिपाई बराकीत होते असे त्यांचे गोरे अधिकारीच सांगत होते, तरी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पंचविसाव्या पायदळाच्या 167 जणांना खटल्याविना बडतर्फ केले. 1972 मध्ये लष्कराने तो कलंक पुसला, तोवर जवळपास सगळे मरून गेले होते.

आणि ह्यूस्टन, 1917. पोलिसांच्या मारहाणीने पेटलेले चोविसाव्या पायदळाचे शिपाई शस्त्रे घेऊन शहरात शिरले. गोऱ्या नागरिकांचे, पोलिसांचे जीव गेले. ते झाकायचे कारण नाही. पण पुढे झाला तो न्याय नव्हता. 11 डिसेंबरला पहाटे सॅन अँटोनियोजवळ 13 जणांना फासावर चढवले. अपिलाची संधी नाही, शिक्षेचा फेरविचार नाही. पुढच्या वर्षी आणखी सहा जण गेले. फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांच्यातल्या 17 जणांच्या दगडांवर फक्त नाव आणि मृत्यूची तारीख कोरली होती. हुद्दा नाही, पलटण नाही. 2023 मध्ये लष्कराने 110 शिपायांच्या शिक्षा रद्द ठरवल्या. 2024 मध्ये त्या कबरींवर नवे दगड बसले, हुद्दा आणि पलटणीसह.

ज्या राज्यात पलटणीचे नाव शिपायाच्या थडग्यावरूनही हिरावून घेतले गेले, त्या राज्याच्या शिक्क्यानिशी तेच नाव रस्त्यारस्त्यांवर फिरते, यात क्षुल्लक काय आहे? पुतळा एका चौकात उभा राहतो; पाहायचे त्याने तिथे जायचे. पाटी ब्राउन्सव्हिलच्या पेट्रोल पंपावर थांबते, ह्यूस्टनच्या पोलिसाच्या गाडीपुढून जाते. शिवाय ती कुणावर लादलेली नाही. वाहनधारक ती स्वतः निवडतो आणि नोंदणीच्या नूतनीकरणात पुन्हा पैसे मोजतो.

मंडळात पलटणींच्या पाटीविरुद्ध पडलेल्या त्या तीन मतांमागे कोणती कारणे होती, ते मला इथे उकरायचे नाही. पण जो आदिवासी नेता बोलला त्याला उत्तर मिळायला हवे. पाटीतून येणारा पैसा नुसत्या गणवेशांच्या आणि पदकांच्या प्रदर्शनावर खर्च होऊ नये. फोर्ट डेव्हिसच्या शिपायाची गोष्ट जिथे मुलांना सांगितली जाईल, तिथे रॅटलस्नेक स्प्रिंग्जला पाण्यावाचून माघारी फिरलेल्या माणसांचीही सांगितली जावी, आणि ती अपाचींच्याच तोंडून. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात. त्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ही पाटी जरूर मागावी, आणि पैसे भरताना अपाचींची गोष्टही सांगितली जाते का, हे पुरस्कर्त्यांना पत्राने विचारावेही.