पुड्यावरील आकड्यामागे काय आहे?

सोलापुरात जैन व लिंगायत शाकाहारी कुटुंबे, मोठा मुस्लिम समाज आणि मांसाहार करूनही गोमांस वर्ज्य मानणारे असंख्य लोक एकाच बाजारपेठेतून सामान नेतात. तेल घाण्यावरून आणि मांस ओळखीच्या खाटकाकडून येत होते, तोवर प्रत्येकाला आपापल्या आहारनियमाची खातरजमा करता येत असे. बिस्किटाच्या पुड्यावर ‘इमल्सिफायर ४७१’ असे छापलेले असते, तेथे ही ओळखदेख कामास येत नाही.

हा ४७१ तेल व पाणी एकजीव ठेवतो. तो पामतेलापासून बनतो, तसाच गाईच्या वा डुकराच्या चरबीपासूनही बनू शकतो. क्रमांक मात्र एकच. शुद्ध केल्यावर त्याचे मूळ प्रयोगशाळेतही सहजी ओळखता येत नाही. नूडल्स व वेफर्सच्या मसाल्यातील ६३१ ची गोष्ट निराळी नाही. तो मांसापासून किंवा मासळीपासून निघतो, आणि टॅपिओकाच्या किण्वनातूनही मिळतो.

आपल्याकडे हिरवा ठिपका सक्तीचा आहे. हलाल-हरामचा विचार करणाऱ्या ग्राहकाचे पुष्कळसे काम तो भागवतो. मद्यार्कात विरघळविलेल्या सुगंधी अर्काविषयी मात्र तो काही सांगत नाही. खरी अडचण येते ती मांसाहारी पदार्थाच्या तपकिरी खुणेपाशी. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला, परंतु अंडे घातलेला केक आणि डुकराच्या जिलेटिनची मिठाई यांना तो सारखाच लागतो. प्राणी कोणता व तो कसा कापला, हे विचारणाऱ्या मुसलमानाला त्यातून उत्तर मिळत नाही. गोमांस टाळणाऱ्या हिंदूलाही नाही. (जैन वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की, मध, मेण व लाख यांना मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून वगळलेले आहे. चकचकीत गोळ्यांवरील लाखेचे आवरण हिरव्या ठिपक्याखाली निर्वेध वावरते.)

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. विक्रेत्याला ठाऊक असलेले ग्राहकाला ठाऊक नसेल तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. पण मोटारीचा दोष निदान वापरल्यावर तरी कळतो. डार्बी व कार्नी यांनी १९७३ साली अशा वस्तूंकडे लक्ष वेधले की ज्यांचा गुण वापरानंतरही कळत नाही, केवळ विश्वास ठेवावा लागतो. ४७१ घातलेले बिस्किट हे त्याचे चोख उदाहरण होय. कारखानदाराला खरेदीच्या बिलावरून क्षणात कळणारी गोष्ट शोधण्यासाठी हजारो ग्राहकांनी पत्रे लिहावीत, यापेक्षा मोठा अपव्यय कोणता?

विश्वास तुटला की काय होते, हे १९८३ साली देशाने पाहिले. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या प्रकरणाने तेव्हा देशभर गदारोळ उडाला होता. पुढे ९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की, घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, केवळ क्रमांक न छापता तो वनस्पतिजन्य, प्राणिज की प्रयोगशाळेत तयार केलेला, हे सांगितले पाहिजे. याचिका होती एका गोरक्षक संस्थेची. तिच्या यशाचा लाभ हलाल पाहणाऱ्या ग्राहकालाही तितकाच मिळणारा आहे, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी फारशी बोलली जात नाही.

उलट वाद पेटतो तो हलाल प्रमाणपत्रांवरून. उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्यातीचा माल वगळून अशा प्रमाणित वस्तूंवर बंदी घातली. शाकाहारी पदार्थांनाही शुल्क भरून प्रमाणपत्र घ्यावे लागावे, हे विचित्र आहे खरे. परंतु ही मागणी निर्माण होते ती पुड्यावरील मौनातून. प्रमाणपत्रे ज्यांना खुपतात त्यांनी प्रथम ‘४७१, पामतेलापासून’ एवढे छापण्याचा आग्रह धरावा; बहुतेक ग्राहकांना मग तिसऱ्याच्या शिक्क्याची गरज उरणार नाही. न्यायालयाच्या आदेशाच्याही एक पाऊल पुढे जाऊन, घटक प्राणिज असल्यास प्राण्याचे नावही द्यावे.

मोठ्या कंपन्यांना हे जड नाही. अडचण आहे ती गल्लीतल्या बेकरीची. तिचा मालक केक फुलविण्यासाठी तयार जेल डबाबंद विकत घेतो आणि त्यात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते. त्याच्यावर दंडाचा बडगा उगारण्याआधी तो डबा विकणाऱ्या कारखान्याला घटकांचे मूळ बिलावर लिहिण्याची सक्ती झाली पाहिजे.